म्हशीपर्यंत फुकट

लीड्समधल्या माझ्या फोनच्या प्लॅनची मुदत संपत आली होती आणि नेमकी त्याच सुमारास मी आप्पांच्या वर्षश्राद्धासाठी सोलापूरला आले. त्यामुळे इंग्लंडमधून भारतात फोन लावायला कोणता प्लॅन घ्यावा, हा खरं तर माझ्या एकटीचा प्रश्न जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी पोचला आणि सगळ्या कुटुंबाचा झाला.

"व्हॉट्सॅप फुकट हाय की," आई म्हणाली. ती पुरणाची डाळ निवडत होती.

"व्हॉट्सॅपवर मला तुझं कपाळ आणि पंखा दिसतो."

"मग? पंखा नवा हाय."

आदिनाथ माझा चुलत भाऊ. विम्याचा एजंट आहे. प्लॅन हा शब्द कानावर पडला की तो खुर्ची पुढे ओढून बसतो, मग तो शब्द कुणीही कशाहीबद्दल उच्चारलेला असो. श्राद्धाच्या तयारीला म्हणून तो श्रीपूरहून आधीच आला होता आणि आल्यापासून त्याला कुणी काही काम दिलं नव्हतं.

"ताई, तुझ्याकडे काय काय पर्याय आहेत ते सांग. निवडायचं काम माझं."

मी सांगितले. एक, महिन्याला ठरावीक पैसे भरून भारतात हवं तितकं बोला. दोन, जेवढी मिनिटं बोलाल तेवढे पैसे. तीन, दुकानातून कार्ड आणा, त्यावरचा आकडा खरवडा, तो दाबा, मग आपला नंबर दाबा आणि तोवर काय बोलायचं होतं ते विसरा.

"तिसरं बाद," आदिनाथ म्हणाला. "आता सांग, तू फोन कुणाला लावतेस?"

"आप्पांच्या नंबरवर."

त्याने फ्रिजकडे बघितलं. आप्पांचा बटणांचा साधा फोन फ्रिजवर होता. त्याच्याखाली आईने विणलेला रुमाल, शेजारी आईचा मोठा फोन. वर्षभर आई तो रोज चार्ज करत होती, रिचार्ज संपू देत नव्हती.

"उचलतात काकूच ना? मग काकूंच्या नंबरवर नेटवरून लाव की. फुकटात."

"आप्पांच्या फोनला रेंज चांगली असते."

"ताई, दोन्ही फोन एकाच फ्रिजवर असतात."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मला ते त्याला द्यायचं नव्हतं. उत्तर असं होतं की आप्पांच्या फोनवर एक म्हैस होती.

आप्पा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. बोलणं अगदी कमी. कित्येक वर्षांपूर्वी माळशिरसला माझ्या मामाच्या म्हशीने खाणं सोडलं, तेव्हा आप्पांनी तिथल्या सयाजी पेंडवाल्याला फोन लावला. सयाजीच्या फोनवर रिंगऐवजी पशुखाद्याची जाहिरात वाजायची. मध्येच एका बाईचा गोड आवाज आला, की हे गाणं आपल्या फोनवर हवं असेल तर स्टार दाबा. आप्पांनी दाबला. गाणं आवडलं म्हणून नव्हे. जन्म वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. सूचना कानावर आली की आधी पाळायची, बोटं शाबूत राहिल्यावर प्रश्न विचारायचे.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांना फोन लावला की ढोलकी वाजायची. मग एक बाई आणि मागे पोरींचा कोरस:

पेंड घाला हो, पेंड घाला,
बादली लावा, धार काढा!

आणि मग म्हैस रेकायची. लांबलचक, तृप्त, जगाशी काही भांडण नसल्यासारखी.

स्वतःच्या फोनची कॉलर ट्यून स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे आप्पांना ते पटेचना. "माझ्या फोनात म्हैस कशी जाईल?" असं म्हणाले. पुढे पटलं तेव्हा म्हणाले, "असू दे. कुणाला चावत तर नाही." त्यांच्या फंडाच्या कामासाठी फोन करणाऱ्या साहेबांनी ती ऐकली, डॉक्टरांनी ऐकली, माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी माझी तक्रार सांगायला फोन लावला आणि म्हशीनंतर तक्रार न सांगताच ठेवून दिला.

आप्पा फोन लगेच उचलत नसत. आधी चष्मा शोधत, मग फोनवरचं नाव वाचत, मग हिरवं बटण. तेवढ्यात म्हशीचं रेकून पूर्ण व्हायचं. ती थांबली की आप्पांचा आवाज यायचा: "बोल." इतकी वर्षं परदेशात राहून मला सवय अशी लागली होती की म्हैस रेकली म्हणजे आता आप्पा बोलणार.

ते गेल्यावर मी त्याच नंबरवर फोन लावत राहिले. मला निदान म्हशीपर्यंत पोचायचं होतं. पण ढोलकीवर दुसरी थाप पडायच्या आत आई फोन उचलायची. "हॅलो, कोण?" म्हणायची, समोर माझं नाव दिसत असून. मग शेजारीपाजारी, गॅस, भाजी, आणि माझी मिनिटं. अख्ख्या वर्षात मी एकदाही म्हशीपर्यंत पोचले नव्हते. दर वेळी मनात एवढीच आशा, की आत्ता ती न्हाणीघरात असेल. असा प्रयत्न पुन्हा पुन्हा करायचा तर हवं तितकं बोला हाच प्लॅन हवा होता. हे आदिनाथला कसं सांगणार?

नाही सांगितलं. म्हणून मग तो आप्पांचा फोन घेऊन गॅलरीत गेला आणि बराच वेळ कुणाशी तरी बोलत राहिला. परत आला तो हात चोळत.

"झालं! ताई, तुला प्लॅनच नको. आप्पांच्या नंबरवरच परदेशी बोलायचा पॅक टाकलाय. काकूच तुला लावतील. आणि एक फालतू सेवा चालू होती, उगाच पैसे खात होती, तीही बंद करून टाकली."

"कुठली सेवा?"

"अगं ती म्हशीची."

मी माझा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि आप्पांचा नंबर लावला. ट्रिंग ट्रिंग. कुणाच्याही फोनसारखं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला; तिने आमचं बोलणं ऐकलं होतं.

"आदिनाथ, म्हैस कुटं हाय?"

"बंद केली, काकू."

"कुणाला इचारून सोडलीस?"

मी बाहेर आले. आई हातात झारा घेऊन उभी होती आणि आदिनाथ फ्रिजला पाठ लावून.

"काकू, तुम्हाला कशाला हवी ती? तुम्हाला तर ती ऐकूही..."

"माझ्या फोनवरनं लावती की मी! दुपारची भांडी झाली की लावती आन बसती ऐकत. तिकडं फ्रिजवर त्यांचा फोन वाजतो, हिकडं कानात म्हस. पुरा वाजून बंद हुतो. रोजचं हाय माझं."

तिने हे आदिनाथला सांगितलं, पण बघत माझ्याकडे होती.

"मग मी लावल्यावर लगेच का उचलतेस?" मी विचारलं.

"तू किती लांबनं लावतीस. तुला ताटकळत ठिवू व्हय?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता फ्रिजकडे बघितलं. आदिनाथला आता सगळं कळलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हप्ते बुडवलेल्या माणसाचे भाव होते.

"आत्ता लावून देतो परत," असं म्हणून तो पुन्हा गॅलरीत गेला. तिथून थोड्या थोड्या वेळाने विचारणा येत राहिली. "काकू, ती जाहिरात आता त्यांच्याकडे नाही म्हणतात. बाळ हसतंय, चालेल?"

"न्हाय."

"रेल्वेची शिट्टी आहे. आप्पांना शोभेल."

"न्हाय."

"कोंबडा आहे, काकू."

"आदिनाथ."

तो आत आला आणि गुमान बसला. उपाय मलाच सुचला. आप्पांनी जशी मिळवली तशीच मिळवायची: जिच्या फोनवर म्हैस आहे अशा व्यक्तीला आप्पांच्या फोनवरून फोन लावायचा आणि स्टार दाबायचा. सयाजी पेंडवाल्याला लावला. त्याच्याकडे आता सनई होती. पण आदिनाथ म्हणाला, वर्षानुवर्षं आप्पांना फोन करणाऱ्यांनी म्हैस ऐकली, त्यांतल्या कुणीतरी चुकून स्टार दाबलाच असेल. असा माणूस आप्पांच्या ओळखीत असणारच.

मग आम्ही आप्पांच्या फोनमधली नावं एकेक करून लावायला सुरुवात केली. मी बटणं दाबायची, आईने कानाला लावून ऐकायचं, ट्यून कळली की समोरच्याने उचलायच्या आत कापायचं. आई मोठ्याने सांगत होती. "साधी रिंग. साधी. हनुमानाचं हाय. साधी. ही कोण बाई रडतीय? काप, काप." पुढल्या गल्लीतल्या सावित्रम्माने तर ढोलकी की सनई हे कळायच्या आत उचलला, म्हणून तोही कापला. नावं संपली. म्हैस नव्हती.

आणि तेव्हा फोन वाजू लागला.

आमच्या भागात मिस कॉल म्हणजे निरोप असतो. पोचलो, खाली ये, मला फोन कर. तो आला की उलटा फोन करायचा, हे लहान पोरालाही माहीत. आम्ही म्हशीच्या नादात एवढी एकच गोष्ट विसरलो होतो, की आपण आप्पांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आप्पांच्या नंबरवरून मिस कॉल दिला आहे.

पहिला माउली वायरमन. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, "कोण बोलतंय तिकडून?"

"मी वैजयंती. आप्पांची मुलगी."

"ताई, तुम्ही हाय व्हय! मी म्हनलं..." काय म्हटलं ते त्याने सांगितलं नाही. "शिडी आणून देतो उद्या. इसरलो न्हवतो, आन आप्पांना..." पुन्हा थांबला. "फोटोला सांगा तेवढं."

मी शिडीचा विषय काढलाच नव्हता.

मग पाठोपाठ सगळे. कुणी म्हणालं, येणारच होतो. कुणी म्हणालं, बोलावणं नव्हतं म्हणून गप्प होतो, पण खुद्द त्यांनीच बोलावलं म्हणल्यावर. सांगोल्याकडे मेंढरं राखणारा आप्पांचा जुना दोस्त धुळाप्पा, आप्पांना रावजी म्हणणारा एकटाच. त्याने माझं हॅलोसुद्धा ऐकून घेतलं नाही. "कळलं रावजी. उद्या येतो," एवढं बोलून ठेवून दिला.

"काकू, लोक घाबरलेत," आदिनाथ म्हणाला.

"घाबरू दे. येतील तर खरं," आई म्हणाली आणि डाळीचं दुसरं पातेलं चढवलं.

आले. आम्ही घरच्यापुरता स्वयंपाक धरला होता. दुपारी पंगत हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून जिन्यात गेली. पुरणपोळ्या अर्ध्या कापून वाढल्या. सकाळी डोळ्यांत पाणी आणणारी आमटी पंगतीगणिक शांत होत गेली. माउलीने शिडी थेट आप्पांच्या फोटोखाली आणून उभी केली, हात जोडले आणि मगच जेवायला बसला. धुळाप्पा फोटोसमोर जाऊन खांद्यावरची घोंगडी सावरत म्हणाला, "आलो बघ. आता परत फोन करू नको. म्हातारी भ्याली घरात."

आप्पा असते तर इतकी माणसं बघून थेट कुर्डुवाडीच्या गाडीत जाऊन बसले असते.

आदिनाथला मात्र चैन पडत नव्हतं. आमटीची बादली हातात घेऊन तो पंगतीच्या मधोमध उभा राहिला आणि विम्याच्या सभेत बोलतो त्या आवाजात म्हणाला, "मंडळी, एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या फोनवर म्हैस आहे का?"

धुळाप्पाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पोराला ऊन लागलंय का. मी आप्पांच्या ट्यूनचं सांगितलं, ती गेल्याचं सांगितलं. का हवी ते सांगितलं नाही. तेवढ्यात बायकांच्या पंगतीत सावित्रम्माने पदर तोंडावर घेतला.

सावित्रम्माच्या घरी टॉवेलचे माग. आमचे पंचे, टॉवेल सगळे तिच्याकडचे. आईला ती अक्का म्हणते.

"अय्यो अक्का," ती पदराआडून म्हणाली, "ते तुमच्याच घरातून आलंय की माझ्या फोनमध्ये! आप्पांना टॉवेल तयार झाले सांगायला फोन केला, बोट कुठं लागलं काय माहीत. किती वर्षं झाली, जात नाही. जावई फोनच करत नाही मला. म्हणतो, अत्ते, आधी म्हैस बांधा. म्हणून तर मी लगेच उचलते ना! कुणाला ऐकू जायला नको म्हणून."

"सावित्रम्मा!" आई पोळीचं ताट तसंच टाकून उठली. "दे मला ती."

"न्या अक्का. अख्खीच न्या. परत नको."

आप्पांचा फोन घेऊन आई देवघराच्या दारात उभी राहिली, सावित्रम्मा पंगतीत. तिने उचलायचं नाही, एवढंच ठरलं. मी नंबर लावला. सावित्रम्माच्या पिशवीत रिंग वाजली मात्र, तिचा हात आपसूक आत गेला.

"हॅलो?"

"सावित्रम्मा!" सगळी पंगत ओरडली.

"सवय हो, सवय!"

दुसऱ्या वेळी आदिनाथने तिचा फोन काढून घेतला आणि माउलीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून हात उंच धरला. फोन त्याच्या हातात वाजत राहिला. सावित्रम्मा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आणि डोळे मिटून घेतले. तोंडात घास असलेल्यांनीही चावणं थांबवलं.

"लागली," आई म्हणाली. "ढोलकी लागली."

"आई, स्टार दाब."

"थांब."

"आई, कट होईल!"

"थांब म्हणती ना. म्हस येऊ दे."

एवढ्या माणसांत उभी राहून ती ऐकत होती. मग तिने फोन कानापासून काढला आणि माझ्या कानाला लावला. म्हैस अर्धी झाली होती. उरलेली अर्धी मी ऐकली. आप्पांनी फोन उचलायची जागा आली आणि गेली. ढोलकी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आईने माझ्या कानाशीच अंगठ्याने स्टार दाबला.

"काय झालं?" शिडीवरून आदिनाथ.

"दाबलं," आई म्हणाली. "वाढ आता. लोकं उपाशी हायत."

संध्याकाळपर्यंत मेसेज आला, विनंती मान्य झाली म्हणून. आईने स्वतःच्या फोनवरून लावून खात्री केली, आणि पुन्हा एकदा केली. सावित्रम्माची म्हैस अर्थातच तिच्याकडेही तशीच राहिली होती. आपण दिली तरी ती गेली नाही, हे कळल्यावर ती भांडायला आली. "हे मात्र मला येतं," असं म्हणत आदिनाथने तिची सेवा बंद करून दिली आणि तिला जावयाला फोन लावायला लावला. जावयाने उचलला नाही. सवय.

निघायच्या दिवशी आदिनाथ मला स्टेशनवर सोडायला आला. वाटेत म्हणाला, "ताई, मी नीट विचार केला. तू मिनिटावाला प्लॅन घे. कुणी फोन उचलल्याशिवाय मीटर पडत नाही. म्हणजे म्हशीपर्यंत तुला फुकटच आहे."

इतक्या प्लॅनमध्ये त्याने विकलेला हा पहिलाच मला पटला.

"पण काकू लगेच उचलतात, त्यांना सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. आईला असं काही सांगता येत नाही, आणि मलाही सांगता येत नाही. आमच्याकडे ते आप्पांचं खातं होतं आणि तेही काही बोलत नसत.

लीड्सला पोचल्यावर मी मिनिटावाला प्लॅन घेतला. पहिल्या दिवशी नुसता फोन हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी, तिकडे दुपारची भांडी झाली असतील अशा बेताने, आप्पांचा नंबर लावला.

ढोलकी. एक थाप, दुसरी थाप. मी वाट बघत होते की आता "हॅलो, कोण?" येईल. नाही आलं. बाई गायली, पोरी गायल्या, बादली लागली. मग म्हैस रेकली. शेवटपर्यंत रेकली, आणि तिला कुणी घाई केली नाही.

फोन उचलल्याचा आवाज झाला. काहीतरी खुडबुडलं.

"बोल," आई म्हणाली.

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बोल की," मग ती म्हणाली. "म्हस संपली. आता मीटर पडतंय."